डबा कुठं खातं तू?

अकोल्याहून शेगाव चाळीसेक किलोमीटर. माघ वद्य सप्तमीच्या आदल्या संध्याकाळी निघायचं आणि रात्रभर चालायचं. 1878 साली याच तिथीला गजानन महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले, उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना. म्हणून प्रकटदिनाला एवढी माणसं पायी निघतात. मी काही नेमाचा वारकरी नाही. घरात बसवत नव्हतं, म्हणून निघालो.

गायगावपर्यंत डीजे. महाराज असते तर चिमटा घेऊन धावले असते, असं आपलं माझं मत. पुढं गर्दी विरळ झाली. दोन्हीकडं हरभरा, अंगाला बोचणारी थंडी आणि 'गण गण गणात बोते' म्हणणारी चार-पाच माणसं. हा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. म्हणून लोक पाण्याचे जार मांडून बसलेले, नको म्हटलं तरी चहा-केळी हातात कोंबत होते.

निंबा फाट्याच्या अलीकडं टाचेला फोड आला. नव्या चपलेची कृपा. कडेला बसलो तर एक म्हातारी थांबली. लुगडं, खांद्याला खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी.

"आन इकडं पाय."

तिनं पदराची सुई काढली, पांढरा दोरा ओवला आणि मोबाईलच्या उजेडात फोडातून आरपार नेला. दोन्हीकडं बोटबोटभर दोरा ठेवून तोडला.

"दाबू नोको. दोरा राहू दे आतमंदी. पानी आपोआप झिरपते."

मग आम्ही सोबतच चाललो. काय करतं, म्हणून तिनं विचारलं. मास्तर आहे, असं म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. बाबांनी दोन एकर वावर विकून संस्थेला पैसे भरले होते. नऊ वर्षं बिनपगारी शिकवलं, आज अनुदान येईल, उद्या येईल. जूनमध्ये पटसंख्येपायी तुकडीच बंद पडली. तेव्हापासून एका कृषी केंद्रात बिलं फाडतो. घरी कोणालाच माहीत नाही. बाबा अजून चारचौघांत मास्तर म्हणून हाक मारतात, मीही सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघतो. अंधारात दोघंही समोर पाहत चालत होतो, म्हणून जमलं असावं. तोंडासमोर बसून कोणी विचारलं असतं तर मी पगाराचा आकडासुद्धा सांगून मोकळा झालो असतो.

म्हातारी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मंग डबा कुठं खातं तू?"

आठ महिन्यांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. विचारणार तरी कोण? खताच्या थप्पीमागं, म्हणालो, आणि आवाजच फुटेना.

तिनं पिशवीतून भाकरी काढली, अर्धी मला दिली. मिरचीचा ठेचा होता. चालता चालता तिचंही निघालं. सून भांडून माहेरी गेली. गावात सांगितलं, बाळंतपणाला गेली.

"आता नऊ महिने भरत आले ना बाप्पा," ती म्हणाली, "लोकं पेढे मांगतीन. कुठून आनू?"

आम्ही रस्त्यात थांबून हसलो. मागून येणारी दिंडी वळसा घालून पुढं गेली.

शेगावात दर्शनबारीपाशी बायांच्या लोंढ्यात ती दिसेनाशी झाली. गाव विचारायचं राहून गेलं.

घरी आलो तेव्हा बाबा ओसरीवर होते.

"काय मास्तर, पायाले काय झालं?"

दोरा अजून टाचेतच होता.

"सांगतो," म्हणालो, आणि त्यांच्या बाजूला बसलो.