चांदोबाच्या लिंबाअलीकडे

लोणंद सोडलं तेव्हाच डावी टाच बोलायला लागली होती. चपला नव्या. वारीला नव्या चपला घालून जाऊ नये हे साऱ्या जगाला ठाऊक आहे, मलाही होतं. पण जुन्या सासवडच्या मुक्कामात कुणीतरी चुकून घालून गेलं. चुकूनच, असं मी स्वतःला रोज बजावत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांकडे बघत होते. मुखी हरिपाठ, नजर चपलांवर. समाजआरतीला हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो खरा, पण चपलेसाठी चोपदारांना कोण सांगणार?

दिवेघाट झाला, जेजुरी झाली, नीरास्नान झालं. कोणत्या दिवशी काय, ते विचारू नका. पदरावर भंडाऱ्याचा पिवळा डाग होता, म्हणजे जेजुरी झाली एवढं नक्की. आमच्या तंबूत सतरा बायका. त्यातली एक पहाटे तीनला उठून प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीतरी शोधायची. काय शोधायची देव जाणे, रोज शोधायची. काकड्याला तिचा आवाज मात्र असा लागायचा की सगळा राग विसरून मी टाळ धरायची.

मला त्या दिवशी फक्त रिंगण बघायचं होतं. चांदोबाच्या लिंबाचं, पहिलं उभं रिंगण. म्हसवडला माझं सासर, पालखीची वाट तशी फार लांब नाही, तरी घराबाहेर पडायला 30 वर्षं लागली होती. आणि लिंब थोडक्यावर असताना टाच अशी चिरकली की मी रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसकण मारली. दिंडी पुढे गेली. पताका दिसेनाशी झाली, मग आमच्या पखवाजाचा आवाजही दुसऱ्या दिंड्यांच्या आवाजात मिसळून गेला. मी रडत होते. भक्तीने नव्हे, चिडून.

बाभळीखाली आधीच एक म्हातारी बसली होती. बीडकडची. कुठल्या दिंडीत नव्हती, मोकळीच चालत होती. माझ्या टाचेकडे बघून म्हणाली, "बाई, फोड हाय का कणकेचा उंडा? पाय दे इकडं."

पदराला खोचलेली सुई काढली, काडी पेटवून धरली, गोधडीचा जाड दोरा ओवला आणि फोडातून आरपार नेला. दोन्हीकडे बोटभर दोरा ठेवून तोडला. "काढू नको. ऱ्हाऊ दे आत. पानी आपसूक गळतंय." मग तांब्यातलं पाणी धार धरून टाचेवर सोडलं. तांब्यात तेवढंच होतं, ते मी नंतर पाहिलं.

"कुठली गं?"

"म्हसवडची."

"जल्माची?"

"नाही. चिपळूणकडची."

"मंग इकडं कुनी टाकलं?"

काय सांगणार? 1994 साली वडिलांनी नोकरीवालं स्थळ पाहिलं आणि पागोळ्यांखाली वाढलेली मुलगी माणदेशात आली. परसातल्या पऱ्ह्याचं, ओढ्याचं पाणी कधी मोजलं नव्हतं, इथे हंडे मोजायला शिकले. टँकर आला की भाकरी तव्यावर टाकून धावायचं. 2012-13 च्या दुष्काळात दोन गाई घेऊन चारा छावणीत राहिले. देवघरातल्या विठोबाला एकच प्रश्न असायचा: मलाच का इथे? हे सगळं मी त्या म्हातारीला ओळख ना देख असताना सांगितलं, तेही जरा फणकाऱ्यानेच. ती टाच दाबत ऐकत होती.

"मी बी इकडं याची. ऊस तोडायला. चौदा वर्सं. मालक नि मी, एक कोयता." मग हाताने पुढची दिशा दाखवली. "बरडाच्या म्होरं एका बांधावर माझं लेकरू हाय."

मला वाटलं, मुलगा तिकडेच स्थायिक झाला असेल. "काय करतो?" मी विचारलं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. "कोपीत ताप भरला. मुकादम म्हनला, फड आटपू द्या. मंग तिथंच ठिवलं."

मला तिच्या हातातून पाय काढून घ्यावासा वाटला.

"दरसाल माउली त्याच्या उशावरून जातेत," ती म्हणाली. "गावाकडं ठिवलं असतं तर कोन आलं असतं? मी बी आले नसते."

मला पटलं नाही. आजही पटत नाही. हा कसला हिशोब? लेकराला वेळेवर दवाखाना मिळाला असता तर माउलींना वाकडी वाट करून यावं लागलं असतं का? मला विठ्ठलाचा राग आला, मुकादमाचा आला आणि सगळ्यात जास्त तिच्या त्या शांत चेहऱ्याचा आला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मावशी, देवाने आधी विचारायला हवं होतं."

ती चक्क हसली. "त्येला तरी कुनी इचारलं हुतं? आला हुता पुंडलिकाला भेटाया. ईट फेकली, म्हनला थांब. उभाच हाय."

तेवढ्यात लिंबाकडून एकच जल्लोष उठला. अश्व धावला असणार. म्हातारीने तिकडे तोंड करून रस्त्यावरची धूळ उचलली, आपल्या कपाळाला लावली, मग माझ्या. अश्वाच्या टापांखालची नव्हे, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांखालची, माझ्या चपला घालून गेलेलीच्याही. मग पिशवी डोक्यावर घेऊन ती गर्दीत शिरली.

तरडगावला पोचले तेव्हा अंधार पडला होता. दिंडीचालक म्हणाले, "माउली, असं मागं राहायचं नसतं." रागावतानाही माउलीच म्हणतात, त्यामुळे उलट बोलता येत नाही.

फलटण गेलं. बरडच्या पुढे फडामागून फड, ऊस पोटरीएवढा, काही ठिकाणी कमरेएवढा. कुठला बांध ते विचारायचं राहिलं होतं, लेकराचं नावही. ती दिसते का म्हणून मी दोन्ही बाजूंना बघत होते. एका ठिकाणी रांग सोडून कडेची चिमूटभर माती उचलली. कपाळाकडे नेलेला हात मध्येच थांबला. माती पदराच्या गाठीत बांधली. मागून कुणीतरी म्हणालं, "चला माउली, थांबू नका."

नातेपुत्याला माझा मुलगा मोटारसायकलवर डबा घेऊन आला. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. टाचेतला दोरा बघून म्हणाला, "आई, हे काय? घरी चल." 28 वर्षांचा आहे. चिपळूणला नेलं तर तिसऱ्या दिवशी पावसाला कंटाळतो, म्हसवडला चला म्हणतो. त्याला परत जायची घाई होती. दोघांनी मिळून डबा संपवेपर्यंत मी त्याला उठू दिलं नाही.