‘मॅडम, एकाच देशात दोन एंट्री कशाला?’

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येन गावातल्या उन्हाळी कोर्सला प्रवेश मिळणं सोपं गेलं. मार्कलिस्ट, शिफारसपत्र, दोन मेल, झालं. विषय थंड समुद्राच्या तळाशी राहणारे जीव. अडलं ते व्हिसाच्या खिडकीवर, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

गंमत अशी, की १९२० च्या करारामुळे स्वालबार्डला जायला व्हिसा लागतच नाही. पण विमान जातं ऑस्लोवरून. ऑस्लो शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपी देशांच्या गटात, स्वालबार्ड नॉर्वेचंच असून शेंगेनबाहेर. म्हणजे जाताना ऑस्लोत एक एंट्री, परतताना दुसरी. मी अर्जात ‘दोन’वर खूण केली होती. खिडकीतल्या माणसाने वर न बघताच ती खोडायला लावली. “नॉर्वेलाच जाताय ना? मग एकच.” मी मोबाइलवर नकाशा दाखवला. “मॅडम, मागे लाइन आहे.”

आणि मी खोडली. तिथेच चुकले.

पासपोर्ट आला तो विमानाला नऊ दिवस उरले असताना. स्टिकरवर एंट्रीच्या रकान्यात ‘०१’. हेल्पलाइनवर तेच संगीत ऐकून पाठ झालं. दुरुस्ती होत नाही म्हणे, नवा अर्ज, नवी फी. शेवटी कोर्सच्या ऑफिसातल्या बाईंनी पत्र पाठवलं, त्यात एकच वाक्य ठळक: ही विद्यार्थिनी शेंगेनबाहेर जाऊन परत येणार आहे. तेच वाक्य मी पहिल्याच अर्जाच्या कव्हरिंग लेटरमध्ये वर लिहायला हवं होतं. नव्या व्हिसाचा पासपोर्ट निघायच्या आदल्या संध्याकाळी हातात पडला. तुम्ही स्टिकर तिथेच उघडून बघा, बाहेर येऊन नाही. मागे कितीही लाइन असू दे.

विमा तीस हजार युरोंचा लागतो, तो सगळ्यांना माहीत असतो. पण पॉलिसीत स्वालबार्ड धरलंय का, हेही वाचा.

तिथे पोचल्यावर आधी रायफल शिकवतात, पांढऱ्या अस्वलांसाठी. मग बोट. तळाचा गाळ उचलणाऱ्या लोखंडी पकडीच्या जबड्यात एखादा खडा अडकला, की वर येईपर्यंत अर्धा गाळ वाहून गेलेला. पुन्हा सोडा. आलेला गाळ चाळणीत समुद्राच्याच पाण्याने धुवायचा. रबरी हातमोज्यांतही बोटं पाच मिनिटांत परकी होतात. चाळणीत उरतात किडे आणि नखाएवढे शिंपले. निळे शिनाणे (खडकाला चिकटणारे शिंपले) इथून हजारेक वर्षं गायब होते, ते २००४ साली पुन्हा सापडले, अटलांटिकचं कोमट पाणी वर सरकल्यामुळे. मालवणच्या मुलीला शिनाण्यांचं कौतुक सांगायला नको, तरी मी त्यांच्या शिंपल्याचे तीन फोटो आईला पाठवले. ती म्हणाली, “एवढेसेच?”

आणि हो, मोजे न फाटलेले न्या. खाणकामगारांच्या काळापासून तिथे दारातच बूट काढतात.