कोपरी पुलावरचा तास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते आपले विज्ञानाचे सर. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

नववीत ध्वनीचा धडा चालू होता. सरांनी फळा अर्धवट सोडून अख्खा वर्ग कोपरी पुलावर नेला. पेटी शिकणाऱ्या एका मुलीला म्हणाले, "तू फक्त भोंग्याचा सूर धर." मेल भोंगा वाजवत पुलाखालून गेली. "सर, कोमल गंधारावरून षड्जावर उतरला!" कठड्यावर वही ठेवून सरांनी त्या उतरलेल्या सुरावरून गाडीचा वेग काढला. ताशी शंभरच्या थोडा वर. गणितातून वेग ऐकू येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आज मी महाप्याला अंतराळातल्या रेडिओ दुर्बिणींचा माग ठेवणाऱ्या भूस्थानकांच्या आराखड्यांवर काम करतो. जपानने १९९७ साली सोडलेली हाल्का ही तशीच दुर्बीण आम्ही पुन्हापुन्हा अभ्यासतो. तिच्यावर अणुघड्याळ नव्हतं. जमिनीवरच्या हायड्रोजन मेसरचा, म्हणजे अतिशय अचूक अणुघड्याळाचा, संदर्भ-संकेत १५.३ गिगाहर्ट्झवर वर पाठवायचा, दुर्बिणीने तो १४.२ वर परत द्यायचा. ती सेकंदाला काही किलोमीटर पळायची, त्यामुळे मेलच्या भोंग्याच्या सुरासारखीच संकेताची वारंवारिता काही लाख हर्ट्झने सरकायची. ते सरकणं आधीच हिशेबात धरून संदर्भ पाठवावा लागायचा आणि जो फरक उरेल तो नोंदून ठेवावा लागायचा, नाहीतर जमिनीवरच्या दुर्बिणींच्या नोंदींशी तिची नोंद जुळली नसती. निरीक्षणं साठवायचीही सोय नव्हती. सेकंदाला १२८ मेगाबिट माहिती त्याच क्षणी खाली उतरवायची. म्हणून उसुदा, ग्रीन बँक, गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा अशी जगभर पसरलेली पाच भूस्थानकं. एकाच्या क्षितिजाआड गेली की दुसऱ्याने धरायची. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना मी सूत्राआधी सरांचा तो तास सांगतो.

सर आता नाहीत. पूल रुंद झाला, वाहनांच्या गोंगाटात तिथे सूर पकडणं कठीण. वर्गाबाहेर मुलांना न्यायचं म्हटलं की परवानग्याच आडव्या येतात, याचं फार वाईट वाटतं. शाळेने गच्ची द्यावी, एक छोटा रेडिओ आणि अँटेना मी बसवून देईन. अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना त्याचा १४५.८ मेगाहर्ट्झचा हौशी रेडिओ संदेश सुमारे तीन हजार हर्ट्झ वर-खाली सरकतो. त्यावरून नववीची मुलं स्थानकाचा वेग काढतील. खर्च माझा, फलकावर नाव सरांचं.