आमची वाटचाल : ॲपचा प्रकार वजनकाटा ठरवतो

सांगली-कोल्हापूर पट्ट्यातली दूध संकलन केंद्रं, किराणा मालाचे वितरक, क्लासेस आणि हॉटेलं हे आमचं गिऱ्हाईक. बहुतेकांची मागणी एकाच वाक्यात असते : ‘ॲप करून द्या, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालणारं.’ पूर्वी यावर आमचा पहिला प्रश्न असायचा, स्क्रीन किती? स्क्रीन मोजायच्या आणि कोटेशन द्यायचं. आता आम्ही विचारतो, यातलं सगळ्यात अवघड काम कुठलं? नव्वद टक्के स्क्रीन कुठल्याही पद्धतीने होतात. उरलेलं एखादंच काम ॲपचा प्रकार ठरवतं, आणि ते उशिरा सापडलं तर सगळं पुन्हा लिहावं लागतं.

आमची सुरुवातीची ॲप फोनगॅप या साधनाने केलेली होती. वेबपेज लिहायचं, त्याला ॲपचं कवच घालायचं, झालं काम. एकदाच लिहून दोन्हीकडे चालतं, म्हणून स्वस्त. पण अँड्रॉइड ५ येईपर्यंत वेबव्ह्यू, म्हणजे ॲपच्या आत वेबपेज दाखवणारा फोनमधला भाग, त्या फोनच्या सिस्टिमला बांधलेला असायचा. तो स्वतंत्रपणे अपडेट होत नसे, त्यामुळे एकच पान तीन फोनवर तीन तऱ्हेचं दिसायचं. आठशे वस्तूंची यादी सरकवली की अडखळायची. त्याहून मोठी अडचण प्लगइनची. कॅमेरा, प्रिंटर, ब्लूटूथ अशी फोनची प्रत्येक गोष्ट तिसऱ्याच कोणी लिहिलेल्या प्लगइनवर, म्हणजे जोड-तुकड्यावर, टांगलेली. त्याने ते सांभाळणं सोडलं की तुमचं ॲप अडकलं. अडोबीने २०२० मध्ये फोनगॅप बंद केलं. त्याचाच मुक्त अवतार कॉर्डोव्हा अपाचे या संस्थेकडे चालू आहे, पण नवं काम आम्ही त्यात घेत नाही.

कवचातल्या ॲपचा आणखी एक दोष पैशाच्या वेळीच उघडा पडतो. ग्राहक यूपीआयचं बटण दाबतो आणि स्क्रीनवर ‘अननोन यूआरएल स्कीम’ अशी चूक येते. यूपीआयची लिंक वेबव्ह्यूला कळत नाही. ती वाटेत अडवून अँड्रॉइडच्या हवाली करावी लागते, मग पैसे भरायची ॲप उघडतात. फोनवर अशी कुठली ॲप आहेत हे आधी तपासायचं असेल, तर अँड्रॉइड ११ पासून मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या माहितीपत्रक फाइलमध्ये, तशी नोंदही लागते. तयार कवच विकणारे बरेच जण हे सांगत नाहीत.

दूध संकलन केंद्राच्या कामाने आमचा विचार बदलला. बाहेरून पाहिलं तर हे ॲप सोपं वाटतं : उत्पादकाचा क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ), दर, रक्कम. एका दिवसात वेबपेज होईल. पण केंद्रावर हे आकडे हाताने टाकायचेच नसतात. हाताने टाकले की वाद आला. वजन काट्यातून यायला हवं आणि फॅट मशीनमधून.

काटा सीरियल पोर्टवरून, म्हणजे एकेक बिट ओळीने पाठवणाऱ्या जुन्या जोडणीवरून बोलतो. वेग बहुधा सेकंदाला ९६०० बिट, पण जुन्या काट्यांवर २४०० किंवा १२०० सुद्धा. चुकीच्या वेगाला नुसता कचरा वाचला जातो. काटा सेकंदाला अनेकदा आकडा फेकत राहतो. कॅन ठेवताना तो हलत असतो, म्हणून सलग पाच वाचनं सारखी आल्याशिवाय आम्ही वजन धरत नाही. आकड्याची मांडणी कंपनीगणिक वेगळी, काही काटे तर अंक उलटे पाठवतात. यूएसबीचं कन्व्हर्टर घेतलं तर आतली चिप कुठली, एफटीडीआय, सीएच३४० की पीएल२३०३, हे बघून ड्रायव्हर घालावा लागतो. वायर सैल होऊन पुन्हा जोडली गेली की अँड्रॉइड परत परवानगी विचारतो. त्या उपकरणाची नोंद ॲपमध्ये आधीच केलेली असेल, तर ‘नेहमी हेच’ म्हणता येतं. साध्या ओटीजी वायरने (टॅबलेटला यूएसबी उपकरण जोडायच्या) स्वस्त टॅबलेट एकाच वेळी चार्जही होत नाही. दोन तासांच्या संकलनात बॅटरी संपते. चार्जिंगची सोय असलेला हब घ्यावा, नाहीतर काट्यालाच ब्लूटूथचं मॉड्यूल लावावं.

फॅट मशीनचा घोळ वेगळाच. नमुन्याला अर्धा-एक मिनिट लागतं. तोवर रांग थांबत नाही, पुढच्याचं वजन झालेलं असतं. ॲपने आलेला फॅट ‘सध्याच्या’ उत्पादकाला चिकटवला, तर म्हशीचा ७ फॅट गाईवाल्याच्या नावावर जातो. म्हणून नमुन्यांची वेगळी रांग ठेवायची आणि आलेलं वाचन फक्त रांगेतल्या पहिल्याला द्यायचं. तो क्रमांक स्क्रीनवर एवढा मोठा दाखवायचा की मशीनजवळ उभ्या माणसाला दिसेल.

दराचा तक्ता म्हणजे फॅट आणि एसएनएफ यांची चौकट. फॅट ३ ते ५ आणि एसएनएफ ७.५ ते ९, दोन्हींत ०.१ ची पायरी धरली तर २१ ओळी, १६ रकाने, ३३६ दर. तक्ता बदलतो तो तारखेने आणि वेळेनेही, म्हणजे संध्याकाळपासून नवा दर. नोंदीत तेव्हाचा दर लिहूनच ठेवावा. बिलाच्या दिवशी तक्त्यातून शोधला तर दहा दिवसांचं सगळं बिल नव्या दराने निघतं. लॅक्टोमीटरवरून (दुधाची घनता दाखवणाऱ्या नळीवरून) एसएनएफ काढणाऱ्यांसाठी सूत्राचा शेवटचा स्थिरांक सेटिंगमध्ये ठेवायचा, कारण तो संघागणिक वेगळा असतो.

शेवटी चिठ्ठी. ५८ मिलिमीटरचा थर्मल प्रिंटर एका ओळीत ३८४ ठिपके छापतो आणि स्वस्त प्रिंटरला देवनागरी येत नाही. मराठी पाठवलं की प्रश्नचिन्हं निघतात. म्हणून चिठ्ठी फोनवर चित्र म्हणून रंगवायची आणि चित्रच पाठवायचं. तेही तुकड्या-तुकड्याने, मध्ये थोडी उसंत देऊन. एकदम पाठवलं तर प्रिंटरची स्मृती भरते आणि चिठ्ठीच्या निम्म्यानंतर चिन्हांचा पाऊस पडतो. हे प्रिंटर बहुतेक जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालतात. ब्राउझरचं वेब ब्लूटूथ मात्र कमी ऊर्जेच्या ब्लूटूथशीच बोलतं, आणि आयफोन ॲपलचं प्रमाणपत्र नसलेला असा प्रिंटर जोडून घेत नाही.

एवढं कळल्यावर प्रकार निवडायला उरतच नाही : अँड्रॉइडचं नेटिव्ह, म्हणजे खास त्याच सिस्टिमसाठी लिहिलेलं ॲप, कोटलिन या भाषेत. एकदा लिहून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालणाऱ्या फ्लटरमध्ये करता आलं असतं, पण काटा, मशीन आणि प्रिंटर यांचा भाग तरीही बराचसा कोटलिनमध्येच उतरला असता, आणि केंद्रावर आयफोन कोण आणतो?

मात्र त्याच डेअरीच्या उत्पादकाला ॲप देऊ नये असं आमचं मत आहे. त्याला सकाळचं लिटर, फॅट आणि रक्कम कळली की पुरे. एका संदेशाने भागतं. मराठी एसएमएस ७० अक्षरांत संपतो, इंग्रजीला १६० मिळतात. त्यामुळे ‘आपले आजचे सकाळचे दूध संकलन’ अशी लांबण लावली की दोन संदेशांचे पैसे लागतात. मजकुराचा साचा डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी व्यवस्थेत, आधी मंजूर करून घ्यायचा. मंजूर साच्यात एका शब्दाचाही फरक झाला तर संदेश पोचत नाही. सचिव आणि अध्यक्ष यांना वेबवरचा अहवाल. म्हणजे व्यवसाय एक आणि प्रकार तीन. ‘सगळ्यांसाठी एकच ॲप’ ही मागणी आम्ही इथेच मोडून काढतो.

वितरकाच्या सेल्समनचं ॲप फ्लटरमध्ये करतो. तिथे काटा-प्रिंटरसारखं उपकरण नाही, पण नेट नसतं, आणि मालकाच्या हातात बहुधा आयफोन असतो. ऑर्डर आधी फोनमधल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये जाते, रेंज आली की सर्व्हरवर. ऑर्डरचा क्रमांक सर्व्हरने नाही, फोनने तयार करायचा. रेंज मधेच तुटली तर ऑर्डर दोनदा जाते, पण क्रमांक तोच असल्याने सर्व्हर दुसरी नाकारतो. हे केलं नाही तर दुकानदाराकडे साबणाच्या दहा पेट्यांऐवजी वीस उतरतात. साठ्याच्या आकड्याशेजारी तो किती वाजताचा हेही दाखवावं. ‘१० वर १ फ्री’सारख्या स्कीमचा अंतिम हिशेब सर्व्हरवर.

‘सेल्समन कुठे फिरतो तेही दिसू दे’ ही फर्माईश हमखास येते. ॲप बंद असतानाही ठिकाण वाचायचं तर गूगल प्लेकडे वेगळं निवेदन आणि व्हिडिओ द्यावा लागतो. ते मंजूर झालं तरी अनेक फोनचा बॅटरी बचत मोड ॲपला झोपवतो, आणि नकाशावर माणूस दुपारपर्यंत एकाच चौकात उभा दिसतो. आम्ही ऑर्डरचं बटण दाबताना एकदाच ठिकाण घेतो. भांडणही कमी होतं.

क्लासचं वेळापत्रक, निकाल, फी यासाठी प्रोग्रेसिव्ह वेब ॲप, म्हणजे स्टोअरशिवाय ब्राउझरमधूनच होम स्क्रीनवर जोडता येणारी वेबसाइट, पुरतं. वर्षातून दहा-बारा वेळा उघडायच्या गोष्टीसाठी पालक प्ले स्टोअरवर जात नाहीत. मोठ्यांनीही हा फटका खाल्ला आहे. मिंत्राने २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं आणि २०१६ मध्ये वेबसाइट परत आणली. फ्लिपकार्टने मोबाइल साइट बंद केली आणि २०१५ मध्येच फ्लिपकार्ट लाइट नावाचं वेब ॲप काढलं. अडचण आयफोनवर आहे. वेब ॲपच्या सूचना तिथे आयओएस १६.४ पासून, म्हणजे २०२३ पासून मिळतात, आणि त्याही पालकाने ते शेअर बटणातून होम स्क्रीनवर जोडलं असेल तरच. फीची आठवण चुकता कामा नये, तर सोबत एसएमएस ठेवा. क्लासला आयफोन ॲपमधून व्हिडिओ कोर्स विकायचा असेल तर गणित बदलतं, कारण डिजिटल मालावर ॲपलचं कमिशन ३० टक्के, छोट्या व्यावसायिकाला १५. घरपोच जाणाऱ्या वस्तूंवर ते नाही.

हॉटेलला ॲप नको. व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग आणि टेबलावर क्यूआर, बस्स. अशा वेळी आम्ही काम नाकारतो.

स्टोअरची खाती नेहमी ग्राहकाच्या नावावर काढतो. गूगलचे २५ डॉलर एकदाच, ॲपलचे ९९ दरवर्षी. संस्थेच्या नावाने खातं हवं तर डीयूएनएस (व्यवसायाची ओळख पटवणारा) क्रमांक लागतो, तो मिळायला लागणारे दिवस वेळापत्रकात धरावेत. गूगलचं नवं खातं वैयक्तिक असेल तर १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणी केल्याशिवाय ॲप खुलं करता येत नाही. नुसती वेबसाइट कवचात घालून ॲपलकडे पाठवली तर ‘किमान उपयुक्तता’ या नियमाखाली परत येते. आणि गूगल दरवर्षी नव्या अँड्रॉइडसाठी अपडेट मागतं, म्हणून देखभालीचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहितो. तो वाचून काही गिऱ्हाईकं वेब ॲपकडे वळतात, आणि ते ठीकच आहे.

कोटेशनची पहिली ओळ आता त्या अवघड कामाची असते. स्क्रीनची चित्रं काढण्याआधी एकच बटण असलेलं कच्चं ॲप एका केंद्रावर बसवतो : वजन वाच, फॅट घे, चिठ्ठी छाप. ते दहा दिवसांच्या एका पूर्ण बिलापर्यंत, जुन्या वहीच्या जोडीने चालवतो. बिल वहीशी जुळलं आणि चिठ्ठीवर जोडाक्षरं न तुटता उमटली की मग रंग निवडायला बसतो.