पुठ्ठ्याची खुर्ची

युगांडाहून येऊन महिना झाला. मंडळीत जो भेटतो तो विचारतो, कसं झालं मिशन, आणि मी "छान झालं, प्रभूची कृपा" म्हणून मोकळी होते, कारण खरं उत्तर उपासना सुटल्यावरच्या दोन मिनिटांत मावत नाही. म्हणून इथे लिहितेय.

मी लहान मुलांची फिजिओ. आमची टीम दोन आठवडे म्बालेच्या आसपास होती, म्हणजे पूर्व युगांडा, माऊंट एल्गॉनचा पायथा. या लाईनमधल्या लोकांना म्बाले माहीत असतं ते तिथल्या क्युअर या ख्रिस्ती संस्थेच्या मुलांच्या हॉस्पिटलमुळे. मेंदूचे सर्जन डॉ. बेंजामिन वॉर्फ तिथे होते. डोक्यात पाणी साठणाऱ्या बाळांना जगभर शंट, म्हणजे एक बारीक नळी बसवतात, पण ती कधी ना कधी बंद पडते आणि मग लगेच सर्जन लागतो, तो खेड्यातल्या आईने कुठून आणायचा? म्हणून त्यांनी दुर्बिणीतून पाण्याला आतच वाट करून द्यायची आणि पाणी बनवणारा भाग जाळून कमी करायचा अशी पद्धत बसवली, बऱ्याच बाळांना नळी लागेनाशी झाली. 2012 मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा सन्मान मिळाला. मला यातलं ऑपरेशन काही फारसं कळत नाही, पण बाळ घरी गेल्यावर काय होणार हा विचार आधी केला होता, ते कळतं.

आम्ही तो केला नव्हता. आम्ही चार व्हीलचेअर घेऊन गेलो होतो, दान आलेल्या, मोठ्या माणसांच्या मापाच्या.

पहिल्याच दिवशी सीपीचा, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूला इजा झाल्याने शरीरावर ताबा राहत नाही) एक मुलगा आला, चारेक वर्षांचा, जन्मल्यावर लगेच रडला नव्हता म्हणे. आईने पाठीवर बांधून आणलेला. त्याला खुर्चीत बसवलं, फोटो काढला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पाच मिनिटांत तो एका बाजूला घसरून दुमडून गेला कारण खुर्चीत त्याच्यासारखी दोन पोरं मावली असती. बाहेर पाऊस पडून गेलेला, पुढची छोटी चाकं लाल चिखलात रुतली ती रुतलीच. डब्ल्यूएचओच्या 2008 च्या गाईडलाईन्समध्ये स्वच्छ लिहिलंय की नुसती खुर्ची देऊ नका, माप घ्या, शिकवा, पुन्हा जाऊन बघा. मी ते वाचलेलं होतं, हे सांगायलाच लाज वाटते.

तिथली थेरपिस्ट, युगांडाचीच, काही बोलली नाही. तिने आईला फक्त विचारलं, भरवतेस कसं, दाखव. आईने त्याला मांडीवर उताणा घेतला, मान मागे, आणि तोंडात ओतलं. ठसका. पुन्हा ओतलं, पुन्हा ठसका. छातीत कफ का भरतो, वजन का वाढत नाही, सगळं तिथेच होतं, आणि मी सकाळपासून त्याचे पाय ताणत बसले होते!

मग तिने पुठ्ठे काढले. खोक्यांचे थरावर थर, मध्ये पिठाची खळ, वरून कागद, आणि उन्हात वाळवायचं. ही कला झिंबाब्वेतून आलीय. चार दिवसांनी लाकडासारखी कडक खुर्ची तयार, त्याच्याच मापाची, दोन्ही बाजूंना आधार, पुढे ट्रे. मुलगा सरळ बसला, हनुवटी जरा खाली, आणि अर्धी वाटी ठसक्याशिवाय गेली. आई हसलीबिसली नाही, चमच्याकडेच बघत होती.

नंतर आईने इंटरप्रिटरला हळूच काहीतरी विचारलं. आम्ही प्रार्थना करणारे लोक, तर तिचं काय चुकलं ते आम्हाला कळलं असेल का? बायबलमध्ये योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, त्याचं की आईबापाचं, आणि येशूने दोघांचंही नाही म्हणून सांगितलं. मी तेच सांगितलं. पण त्याआधी बाळ रडलं नाही तेव्हा मेंदूला ऑक्सिजन कमी पडला असणार, हेही सांगितलं, आणि मला वाटतं तिला जास्त धीर त्याने आला. पाळकांना हे आवडणार नाही कदाचित.

परवा त्या थेरपिस्टचा व्हॉट्सअ‍ॅप आला. खुर्चीचा एक कोपरा शेळीने खाल्लाय, खळ पिठाची ना. दुसरी आईनेच बनवली, यावेळी वरून रंग मारलाय, शिवाय शेजारणीच्या मुलीसाठीही एक चाललीय. आमच्या व्हीलचेअरचं काय झालं ते मी विचारलं नाही.