पाच रोल घेऊन हानोईत

हानोईला निघताना बॅगेत एचपी५ या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचे पाच रोल होते. सहा दिवस आणि १८० फ्रेम. डिजिटल कॅमेरा मुद्दाम घरीच ठेवला. सोबत फक्त वडिलांचा निकॉन एफएम२ आणि ५० एमएमची लेन्स. नव्या सीटी स्कॅनरमधून गेली की फिल्म खराब होते, म्हणून विमानतळावर रोल हाताने तपासा अशी विनंती करावी लागते. एका विमानतळावर बराच वेळ हुज्जत घालावी लागली, पण रोल वाचले.

फेब्रुवारीअखेरीस हानोईत ऊन क्वचितच पडतं. सतत भुरभुर चालू असते. ‘मुआ फून’ म्हणतात तिला. माणूस भिजत नाही, पण लेन्स दर दोन मिनिटांनी पुसावी लागते. गल्ल्यांत उजेड इतका कमी की ४०० आयएसओची फिल्म मी ८००ची समजून वापरली आणि एक स्टॉप पुश करून, म्हणजे लॅबमध्ये जास्त वेळ धुवून घ्यायची ठरवली. कडक सावली कुठेच नव्हती, त्यामुळे फोटोत राखाडीच्या छटाच छटा आल्या. या शहराला तोच रंग शोभतो असं माझं पक्कं मत झालंय.

पहिली पहाट लाँग बिएन पुलावर काढली. १९०२मध्ये पूर्ण झालेला हा फ्रेंचांचा लोखंडी पूल १९६७ आणि १९७२मध्ये अमेरिकन बॉम्बहल्ल्यांत तुटला, पुन्हा जोडला गेला आणि आजही वापरात आहे. मधून रेल्वे, दोन्ही बाजूंनी स्कूटर आणि सायकली. गंमत म्हणजे, सगळ्या देशात वाहतूक उजवीकडून, पण या पुलावर मात्र आपल्यासारखी डावीकडून. भाजीची ओझी लादलेल्या सायकलींचे तिथे सहा फ्रेम घेतले आणि थांबलो. खरी ओढ होती जुन्या पेठेची.

तिथे रस्त्यांची नावंच धंद्यांवरून पडलेली आहेत. ‘हांग’ म्हणजे माल. हांग मा रस्त्यावर पूजेच्या कागदी वस्तू, लान ओंगला झाडपाल्याची औषधं आणि हांग थियेकला पत्रेकाम. हांग थियेकच्या कोपऱ्यावर पोचलो आणि पुण्याची तांबट आळीच आठवली. तीच ठकठक, फुटपाथवरच मांडलेलं काम, पत्र्याच्या कडा वाकवणारे तेच सराईत हात. मधूनच खांद्यावर कावड घेतलेली एखादी बाई फळं विकत जाते. दोन टोपल्या आणि बांबूची लवलवती काठी. कावडच ती, दुसरा शब्द सुचतच नाही.

आणखी एका गोष्टीने मला तिथे घरच्यासारखं वाटलं. व्हिएतनामी माणूस अनोळखी माणसालाही नात्यानेच हाक मारतो. ‘बा’ म्हणजे आजी, ‘ची’ म्हणजे ताई, ‘आन्ह’ म्हणजे दादा. मी एवढे तीन शब्द घोकले, कॅमेरा दाखवून मान हलवली, आणि बहुतेकांनी हसून होकार दिला. मोजकेच फ्रेम असले की विचारल्याशिवाय बटण दाबावंसंच वाटत नाही.

हांग थियेकच्या एका दारात एक ‘बा’ चहा विकत होत्या. बुटकी प्लॅस्टिकची स्टुलं, कापडाने गुंडाळून टोपलीत ठेवलेली किटली, आणि बरणीत शेंगदाण्याची चिक्की, वर तीळ लावलेली. शटर १/६०, अ‍ॅपर्चर २.८. एकच फोटो काढला. आजींनी लगेच हात पुढे केला, दाखव म्हणून. मी कॅमेऱ्याची कोरी पाठ दाखवली. त्यांना आधी काही कळेना. मग रोल गुंडाळायची रिवाइंडची कडी फिरवल्यासारखं करून दाखवलं, तेव्हा ‘आ!’ म्हणून खळखळून हसल्या. जुनी ओळख पटल्यासारख्या.

तो रोल मी तिथल्याच लॅबमध्ये धुवून घेतला आणि पाचव्या दिवशी चार बाय सहाची प्रिंट घेऊन गेलो. आजींनी चष्मा लावला. स्वतःकडे त्यांनी जेमतेम पाहिलं. बोट ठेवलं ते फोटोतल्या मागच्या अंधारावर. तिथे शेजारचा पत्रेवाला हातोडा उगारून उभा होता, हात पुसट आलेला. मला तो निगेटिव्हवर दिसलाही नव्हता. ‘आन्ह ओइ!’ त्यांनी हाक मारली. तो हात पुसत आला, त्याच्यामागून आणखी दोघं. फोटो सगळ्यांच्या हातून फिरला. माझ्या हातात गरम चहा आला, चिक्कीचा तुकडा आला, पैसे कुणी घेईनात. शेवटी आजींनी तो फोटो चिक्कीच्या बरणीला टेकवून उभा केला, तोंड रस्त्याकडे करून.