एका छायाचित्राची पडताळणी आणि अडलेला जावक क्रमांक

खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली आमच्या यावल तालुक्यातील फैजपूरला झाले. जळगाव जिल्ह्याला त्याचा अभिमान आहे आणि म्हणूनच त्या अधिवेशनाचे म्हणून आलेले कोणतेही छायाचित्र आमच्याकडे न तपासता पुढे पाठवले जाते. संशोधन पद्धती या विषयाच्या प्रकल्पासाठी मी असेच एक छायाचित्र निवडले. गूगल लेन्सवर ते फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनाचे, म्हणजे सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असतानाचे, असल्याचे लगेच दिसले. परंतु संकेतस्थळे एकमेकांच्याच ओळी उतरवतात, त्यामुळे चार ठिकाणी तेच लिहिलेले असले तरी तो एकच पुरावा धरावा आणि त्या काळचे वृत्तपत्र पाहावे, असे आमच्या मार्गदर्शक मॅडमनी बजावले.

जुन्या वृत्तपत्रांच्या बांधीव फाइली एका ग्रंथालयात होत्या. त्या पाहण्यासाठी महाविद्यालयाचे शिफारसपत्र हवे होते, तेही जावक क्रमांकासह, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या नोंदवहीतील क्रमांकासह. विभागाने पत्र त्याच दिवशी लिहून दिले. अडले ते कार्यालयात. प्राचार्यांची सही झाल्याशिवाय क्रमांक पडत नाही, असे भाऊसाहेबांनी सांगितले, तर क्रमांक पडल्याशिवाय पत्र सहीला ठेवता येत नाही, असे प्राचार्यांच्या दालनाबाहेर ऐकावे लागले. जावक नोंदवही समोरच उघडी होती आणि शेवटच्या नोंदीखालची ओळ कोरी होती, तरीही मला दर वेळी "उद्या या" एवढेच उत्तर मिळे. प्रकल्पाचा विषय मंजूर करणाऱ्या महाविद्यालयाने त्याच वेळी हे पत्रही द्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे. मूळ कागदापर्यंत विद्यार्थी पोहोचणारच नसेल, तर संदर्भ तपासायला शिकवून उपयोग काय? अखेर विभागप्रमुख स्वतः माझ्याबरोबर कार्यालयात आले आणि सही व क्रमांक दोन्ही एकाच दुपारी झाले. त्या दिवशी मला किती हायसे वाटले, हे शब्दांत सांगणे अवघड आहे.

पत्रात वृत्तपत्राचे नाव, महिना आणि वर्ष अवश्य लिहून घ्यावे, कारण नुसते "संशोधनासाठी" असे लिहिलेले पत्र परत येण्याची शक्यता असते. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. फाइलींचा कागद कडांना इतका ठिसूळ झालेला होता की पान उलटताना खाली पुठ्ठा धरावा लागे. शाईचे पेन चालत नसल्याने पेन्सिल सोबत न्यावी. हरिपुऱ्याच्या बातमीत ५१ बैलांनी ओढलेल्या अध्यक्षांच्या रथाचे वर्णन सापडले आणि ते छायाचित्राशी जुळले.

आणखी एक गोष्ट मॅडमनी आधीच सांगितली होती. छायाचित्र ज्या गटावर फिरत होते, तिथे दुरुस्ती टाकताना चुकीची ओळ आधी लिहू नये, कारण अनेकजण तेवढीच वाचतात. त्यामुळे मी आधी "हरिपुरा, फेब्रुवारी १९३८" असे लिहिले, त्याखाली वृत्तपत्राचे नाव व दिनांक दिला आणि फैजपूरचा उल्लेख त्यानंतर केला.